देवघरातील जर्मन धडे

वाचकहो, ध्वनिफितीवरून परभाषा शिकताना एका सत्शील गृहस्थावर कोणता प्रसंग गुदरला, त्याचा यथास्थित वृत्तान्त येथे सादर होत आहे.

म्हैसुरातील हेब्बाळच्या एका कारखान्यात येसाजीराव बावीस वर्षे यंत्र चालवीत होते. तेथे जर्मनीहून नवे यंत्र यायचे होते. जो तिकडच्या साहेबांशी फोनवर पाच मिनिटे जर्मन बोलेल, त्याच्या स्वाधीन ते यंत्र. बाकीच्यांची रवानगी खोकी बांधण्यास.

कन्या यशस्विनीने मोबाइलवर धडे भरून दिले. "अप्पा, धड्यातली बाई वाक्य म्हणून थांबते. तेवढ्यात तुम्ही म्हणायचं. रोज एकच धडा, बस्स."

परंतु गुरू बोलत असता तोंड उघडणे त्या घराण्यात निषिद्ध. येसाजीरावांनी मोबाइल देवघरात पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिले आणि रोज स्नानोत्तर हात जोडून चाळीसही धडे अखंड श्रवण केले. बाई थांबली की त्यांची मान अधिकच लवे.

स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी अंबुबाईंना ती शांतता सोसेना. "अय्यो, बिचारी इतकं विचारते, अन् हे सुम्ने गप्प बसतात! तोंडात काय अक्षता भरल्यात?" असे म्हणून डोसा उलटता उलटता त्या स्वतःच जर्मनमध्ये उत्तर देत.

परीक्षेच्या दिवशी साहेबांचा फोन आला, तेव्हाही मोबाइल पाटावरच होता.

"गुटेन मॉर्गन! वी गेट एस इनेन?" साहेबांनी क्षेम विचारले आणि ते थांबले.

येसाजीरावांना सर्व उमगले. त्यांनी हात जोडले. मान लवली. डोळ्यांपुढे खोकी दिसू लागली, तरी ओठ विलग होईनात.

"गुट, डांके!" स्वयंपाकघरातून खणखणीत उत्तर आले.

साहेब प्रसन्न झाले. नाव, गाव, न्याहारी, सर्व विचारून झाले. अंबुबाईंनी कशासही कमी केले नाही. शेवटी साहेबांनी विचारले, यंत्र किती अंशांपर्यंत तापवावे?

अंबुबाईंना यंत्रातले काय ठाऊक? झारा हवेतच राहिला.

यंत्राच्या विषयात मात्र गुरू स्वतः येसाजीराव होते. त्यांनी मान वर केली. "त्स्वाईहुंडर्ट!" दोनशे! देवघरातील घंटाही किंचित किणकिणली.

आठवड्याने पत्र आले : दोघे मिळून एक उमेदवार धरून यंत्र सुपूर्द करण्यात येत आहे. हल्ली कारखान्याच्या बसमधून उभयता जातात. अंबुबाई संभाषण करतात, येसाजीराव आकडे सांगतात. घरी मात्र बाई थांबली की आता दोघेही मोठ्याने म्हणतात.

एवढे सावकाश वाचल्याबद्दल वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
फत्तेसिंगराव जगताप, म्हैसूर