मामाने मागितलेल्या गोळ्या

फळ्यावर: जंतू औषधाला निर्ढावतात कसे?

कोरो बेटावर मी दहावीला शिकवते. फळ्यावर शिकवलं की निम्मे पेंगतात. म्हणून मैदानात.

वीस मुलं जंतू. मी औषध, हातात ओल्या फडक्याचा चेंडू. लागला की खाली बसायचं.

सोळा बसले. मी थांबले.

"दमलात, बाई?"

"दमले. उभे कोण राहिले?"

"जे चपळ ते!"

बसलेल्यांना बाहेर काढून मी शाळेचा रग्बी संघ आत घेतला. ही त्या चौघांची पिल्लं, तितकीच चपळ. पुन्हा चेंडू. एकालाही लागेना. पोरं हसून लोळली.

"औषध तेच, बाई. जंतू बदलले!"

"आणि मी मघाशी थांबले नसते तर?"

"तर ते चौघंही बसले असते, पिल्लंच नसती!"

ताराइविनी एकटीच हसली नाही. प्रवाळाने तिचा पाय कापला होता. नर्सने जंतू मारायच्या सात दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या.

"तीन दिवसांत सुकलं, बाई. मग पेथेलीमामाने उरलेल्या मागितल्या. त्याची दाढ दुखत होती."

आपल्या माणसाने मागितलं की द्यायचं. याला आम्ही केरेकेरे म्हणतो. नाही म्हणणारा चिक्कू ठरतो.

"आणि पाय?"

"कालपासून ठणकतोय."

(इथे धडा संपतो. पुढचं पुस्तकात नाही.)

शाळा सुटल्यावर मी ताराइविनीला घेऊन पेथेलीकडे गेले. तो जाळं विणत होता.

"गोळ्या? दोन खाल्ल्या. बाकीच्या सासूबाईंनी मागितल्या, खोकल्याला."

"आणि दाढ?"

"आहे तिथंच आहे, बाई."

मी तोंड उघडणार, तोच ताराइविनी पुढे झाली. "मामा, मला एक हवंय."

पेथेलीचा चेहरा पडला. आमच्याकडे बहिणीच्या लेकराने मागितलं तर मामाला नकार देता येत नाही. इतर सगळ्यांचं मागणं त्यानंतर.

"डुक्कर नको गं मागूस!"

"होडी दे. नर्सकडे जायचंय. तूही चल, तुझ्या सासूबाईंनाही घे."

"ती बाई दाढ उपटते!"

"मागितलं ना मी?"

नर्सने जखम दाबली. पू आला. "वरून सुकली, आत नाही. बरं झालं आलीस." नव्या गोळ्या, दहा दिवसांच्या. सासूबाईंना नुसता काढा. पेथेलीची दाढ बशीत.

किनाऱ्यावर मामी वाट पाहत होती. "ताराइविनी, त्यातल्या दोन दे गं, माझं डोकं दुखतंय."

ताराइविनीने माझ्याकडे पाहिलं. तिने पाकीट मामाच्या हातात ठेवलं.

"मामा, आणखी एक मागते. दहा दिवस हे सांभाळ. सकाळ-संध्याकाळ मलाच दे."

पेथेलीच्या तोंडात कापूस. त्याने मान हलवली, पाकीट वाळूवर ठेवलं आणि बायकोच्या डोळ्यांदेखत त्याच्यावर बसला.