अर्ध्या अंगठ्याचा ठसा

आत्याचे दुधाचे दात पडत होते त्या वर्षी युद्ध सुरू झालं, आणि तिचा धाकटा भाऊ रांगायला लागला त्या वर्षी शहरावर बॉम्ब पडले. घरात सालं अशीच सांगत. त्या दिवशी आजोबा एका गोदामाच्या खिडक्यांना काचा बसवायला गेले, ते परतलेच नाहीत. एवढंच सगळ्यांना ठाऊक.

त्या रांगणाऱ्या भावाची मुलगी म्हणजे भिंगरी. नाव आत्यानंच ठेवलेलं. साठी उलटली तरी भिंगरीचा पाय एका जागी ठरेना. शिवणाचं दुकान मोडल्यापासून तिनं एकच ध्यास घेतला, आजोबांनी बसवलेल्या काचा शोधायच्या. काचेच्या कडेनं लांबी, म्हणजे काच पक्की करणारा मऊ लगदा, भरली की आजोबा खालच्या कोपऱ्यात अंगठा दाबत. त्यांच्या अंगठ्याचं टोक काचेनं उडालेलं, त्यामुळे ठसा अर्धाच उठे. शाळा झाली, टपाल कचेरी झाली, दोन्हीकडे ठसे सापडले. ती खिडक्यांना नाक लावून फिरे.

"मावशी, काय चोरायचंय?" पहारेकरी हटकायचा.

"आजोबा!"

एके दिवशी इस्पितळाच्या जिन्यातही तो ठसा सापडला. भिंगरी हरखली. मग दाराशी कोरलेलं साल तिनं दोनदा वाचलं. इस्पितळ युद्ध संपल्यावर बांधलेलं होतं.

म्हणजे आजोबा जिवंत होते. याच शहरात काचा बसवत होते, आणि घरी येत नव्हते.

तिला अन्न गोड लागेना. विचारावं तर नव्वदीला टेकलेल्या आत्याच्या जिवाला घोर. न विचारावं, तर आत्यामागे सांगणारं कोण उरणार? शेवटी ती गेलीच.

"आत्या, आजोबा आपल्याला टाकून गेले होते का गं?"

सगळं ऐकून आत्या खोकला लागेपर्यंत हसली. "अगं खुळे, तो अंगठा आईचा!"

"आजीचा अंगठा तर धड होता म्हणे."

"चिंधी गुंडाळायची त्याच्या टोकाला, म्हणजे ठसा बाबांसारखा अर्धाच उठे. बाईच्या हातची काच कोण घेणार? मुकादमाला सांगायची, नवरा आजारी असतो, उजाडायच्या आत येऊन काम उरकतो. कंदील मी धरायचे."

"आणि आजोबा?"

आत्याचं हसू थांबलं. "गोदामातच जळाले. आईनं चप्पल ओळखली. पण ते गेले म्हटलं असतं तर कामही गेलं असतं. शेजारी ऐकतील म्हणून आम्हाला रडूसुद्धा दिलं नाही तिनं."

"इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तू खिडक्यांना विचारत फिरत होतीस. मला कधी विचारलंस?"

दुसऱ्या दिवशी भिंगरी पुन्हा शाळेत गेली. तिथल्या काचा बॉम्बनं फुटल्यावर नव्या बसवल्या होत्या की आधीच्याच होत्या, कोणाला सांगता येईना. एकेका कोपऱ्यात तिनं आपला अंगठा टेकवून पाहिला. यातले आजोबांचे कुठले आणि आजीचे कुठले, तिला कळेना. तिथून ती टपाल कचेरीकडे निघाली.

घरातली सालं आता भिंगरी सांगते. आजोबा बॉम्ब पडले त्या दिवशी गेले. आजी भिंगरीच्या जन्माच्या आदल्या वर्षी गेली. आत्या यंदाच्या उन्हाळ्यात गेली.