दोन वाजता या

मित्रांनो, मी एक जुने, गजराचे घड्याळ आहे. आता माझ्या काट्यांना गंज चढला आहे आणि गजर तर कधीच मुका झाला. पण एके काळी कोकणातल्या वालावल गावात माझा शब्द चालत असे.

हरिश्चंद्र मास्तरांनी मला छप्पन्न साली मालवणच्या बाजारातून आणले. ते कुडाळच्या शाळेत इंग्रजी शिकवत. मी वाजले की ते उठत आणि त्यांच्या सायकलची घंटा ऐकून शेजारी चूल पेटवत. मी कधी चुकेन, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

बासष्ट साली मास्तरांना दूर आफ्रिकेत, इथिओपियाच्या अदिस अबाबा शहरात नोकरी मिळाली. पत्नी रुक्मिणीने मला लुगड्यात गुंडाळले. बोट झाली, तिथल्या घड्याळाशी मास्तरांनी माझे काटे जुळवले, मग आगगाडी झाली आणि आम्ही त्या थंड, डोंगराळ शहरात उतरलो. दुसऱ्याच दिवशी शाळेचा शिपाई दारात आला. त्याने दोन बोटे दाखवली आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "उद्या, दोन वाजता या."

मास्तर जेवून, कोट घालून बरोबर दोनला शाळेत पोहोचले. वर्ग रिकामा होता. मुख्याध्यापक रागावून म्हणाले, "मुलं सकाळपासून तुमची वाट पाहत होती. पुन्हा असं झालं तर तुम्हाला परत पाठवावं लागेल."

मास्तर घरी येऊन मटकन खाली बसले. "दोनाक बोलवल्यानी, दोनाकच गेलंय. माझा चुकला खंय?"

"अहो, घड्याळच बिघाडला नाय मां?" रुक्मिणी म्हणाली.

मला गदागदा हलवले, कानाशी धरले. मी तर नेहमीसारखेच टिकटिकत होते. पण खरे सांगते, माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. समुद्राच्या वाऱ्याने मी बिघडले असेन का? की इथला दिवसच वेगळा होता?

तेवढ्यात शेजारची अल्माझ कॉफी घेऊन आली. माझ्यात चार वाजले होते. तिने माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली आणि दहा बोटे दाखवली. रुक्मिणी गोंधळली. मग अल्माझने तिला हाताला धरून अंगणात नेले, सूर्य उगवतो ती बाजू दाखवली आणि तिथून बोटे मोजायला सुरुवात केली.

रुक्मिणी धावतच आत आली. "अहो, ही माणसा सूर्य उगवल्यापासून, म्हणजे आपल्या सहापासून मोजतत! हेंचे दोन म्हणजे आपले सकाळचे आठ!"

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मास्तर मला घेऊन वर्गात गेले. त्यांनी आपली फजिती सांगितली तेव्हा मुले पोट धरून हसली. एका मुलीने विचारले, "मग हे घड्याळ खोटं बोलतं का?"

मास्तर म्हणाले, "नाही गं. ते माझ्या गावचं बोलतं."

दारात उभे असलेले मुख्याध्यापकही हसले. पुढे सहा वर्षे मास्तर तिथेच शिकवत राहिले.

अडुसष्ट साली आम्ही वालावलला परतलो. पहिल्याच सकाळी दगडी गडग्यापलीकडून शेजारच्या शेवंतीने हाक मारली, "रुक्मिणी, किती वाजले गो?"

माझ्यात सात वाजले होते. रुक्मिणीने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "एक."

"एक? अजून आमी पेज जेवूक नाय!" शेवंती खो खो हसली. रुक्मिणी मात्र दारापुढच्या खळ्यात तशीच उभी राहिली, स्वतःच्याच घरी वाट चुकल्यासारखी.

मित्रांनो, तुमच्या गावात, तुमच्या वर्गात कुणी नवे येईल आणि भलतेच काही बोलेल. त्याला हलवून पाहू नका. बिघडला असे म्हणू नका. शेजारी बसवा आणि मायेने विचारा, "तुमच्याकडे आत्ता किती वाजले?"