डावी पापणी

सकाळी आरशात माझ्या दोन्ही पापण्या सारख्या उघड्या असतात. संध्याकाळपर्यंत डावी खाली उतरते आणि बाहुलीचा वरचा काठ झाकते. बर्फाचा खडा रुमालात गुंडाळून तिच्यावर धरला, की ती थोडा वेळ वर जाते. थंडाव्याने एका रसायनाचं विघटन मंदावतं, एवढाच त्याचा अर्थ.

महाडच्या कॉलेजात अकरावीला मी हेच शिकवते. मज्जातंतू स्नायूला चिकटलेला नसतो, मध्ये अतिशय बारीक फट असते. मेंदूचा संदेश आला की मज्जातंतूच्या टोकातून ते रसायन, ॲसिटिलकोलीन, सुटतं, फट ओलांडतं, स्नायूवरच्या ग्राहकांना, म्हणजे रिसेप्टर्सना, जाऊन लागतं आणि स्नायू आकुंचन पावतो. माझ्या शरीराने त्या ग्राहकांविरुद्धच प्रतिपिंडं तयार केली आहेत. संदेश नीट निघतो, तो घेणारे कमी पडतात. स्नायू वापरावा तितका लवकर थकतो. तासाच्या आधी मी गोळी घेते, मग आवाज तास संपेपर्यंत टिकतो. दुपारनंतर मी शक्यतो कोणाशी बोलत नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी या प्रतिपिंडांना खतपाणी घालणारी, छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी काढून टाकायला सांगितलं, त्याला दोन पावसाळे होऊन गेले. "सोबत कोण असेल?" त्यांनी विचारलं होतं. "कळवते," एवढंच मी म्हणाले.

सोबत येण्यासारखा एकच माणूस, माझा धाकटा भाऊ राहुल. तो मुंबईला असतो आणि ड्यूटी सुटल्यावर, संध्याकाळीच फोन करतो. तेव्हा माझे शब्द नाकातून येतात, म्हणून मी फोन उचलत नाही. सकाळी मेसेज टाकते, 'बरी आहे.' आई गेल्यावर पोलादपूरला तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला तो वंदना संपल्यावर पोचला होता. मी त्यावरूनच रुसले आहे, असं त्याला वाटतं. त्याच दिवशी त्रिशरण म्हणता म्हणता माझा आवाज पहिल्यांदा गेला होता. लोकांना वाटलं, बाई रडतेय. मलाही तसंच वाटलं.

काल संध्याकाळी बर्फ मागायला घरमालकीण गोदूकाकूंकडे गेले. त्या फोनवर होत्या.

"ही बघ, आलीच तुझी बहीण. घ्या बाई, बोला."

मी मानेनेच नको म्हटलं.

"नको काय? पोरगा आता माझ्या फोनवर फोन करतोय. भावाशी किती दिस अबोला धरायचा गो?" फोन माझ्या हातात कोंबून त्या फ्रिजकडे वळल्या.

"ताई? कट्टी अजून चालूच?"

"नाही रे."

"आवाज असा काय येतोय? टाकून बसलीस की काय? कोणी पाजली गं तुला महाडात?"

मला हसू आलं, पण ओठांचे कोपरे वर गेलेच नाहीत. बर्फाचा ट्रे हातात घेऊन गोदूकाकू माझ्याकडे बघत राहिल्या.

"बाई, हसताय का रडताय?"

तिकडे राहुलने ते ऐकलं असावं. "ताई, काय झालंय? खरं सांग."

जबडा सैल पडायला लागला होता. मी हनुवटीखाली मूठ टेकवली आणि तो जागेवर धरून ठेवला.

"राहुल, मला छातीचं ऑपरेशन करून घ्यायचंय. तू सोबत ये."