हातचा एक

पालकसभेहून परत आलेली पूर्वा चपला काढायच्या आतच म्हणाली, "तुमची नात वर्गात हातांवर बसते."

वारज्याच्या त्या फ्लॅटमध्ये गणित हा अभ्यासाचा विषय नव्हता, भाऊबंदकीचा होता. सासरे सुखदेवराव टपाल खात्यातून निवृत्त झालेले. घराण्यात अंक ओळखणारा पहिला माणूस आपण, हे ते येताजाता ऐकवत. आणि ते खरंही होतं, म्हणून जास्त त्रास व्हायचा. नवरा प्रज्ञेश हिंजवडीत टीम लीड. माणसांना गुण द्यायची सवय तिथेच लागलेली, ती तो घरी घेऊन येई. बापलेकांचं एकाच बाबतीत जमे: दुसरीतल्या आम्रपालीने बोटांवर मोजायचं नाही. आजोबा टेबलावर पट्टी आपटत, बाप "ब्रेन वापर, ब्रेन" म्हणे.

"हातांवर बसते म्हणजे?" प्रज्ञेशने टीव्हीवरची नजर न काढता विचारलं.

"म्हणजे मांडीखाली हात दाबून. बोटं कुणाला दिसू नयेत म्हणून. शेख मॅडम म्हणाल्या, बोटं ही पायरी आहे. मुलं आधी सगळं मोजतात, मग मोठ्या आकड्यापासून पुढे मोजतात, मग ते आपसूक डोक्यात जातं. मधली पायरी काढली तर मूल मोजणंच सोडून देतं. ही सोडायच्या बेतात आहे."

"मॅडमना सांग, आम्ही पायऱ्या नसलेला जिना चढून आलोय," सुखदेवराव म्हणाले. "जो हिशेबात कच्चा राहतो, त्याचा हिशेब दुसरे करतात."

"बाबा, पाढ्यांचे दिवस गेले. तिला कॉन्सेप्ट लागतो."

"हो का? सतरा नव्वे किती, कॉन्सेप्टवाले?"

प्रज्ञेशने खिशातला मोबाइल चाचपला.

"असू दे, असू दे. बॅटरी जपा." सुखदेवरावांनी पाटी ओढली आणि सत्तावीस अधिक पाच लिहिलं. "होऊन जाऊ दे. आमू, इकडे ये."

आम्रपाली खुर्चीवर बसली, हात मांडीखाली.

"सात नि पाच?"

तिने हात आणखी आत दाबले.

"बारा! दोन खाली मांड, हातचा एक घे."

आम्रपालीने खाली मान घालून मांडीकडे पाहिलं. "हातचा कुठून घेऊ आजोबा? हात बंद केलेत ना तुम्ही."

पूर्वाला हसू फुटलं. बाकी कुणाला फुटलं नाही.

"काढ गं हात," ती म्हणाली.

"पूर्वा, लाडावून ठेवू नकोस," प्रज्ञेश म्हणाला.

"काढ म्हटलं ना."

एकच हात बाहेर आला. "सात," आम्रपाली पुटपुटली आणि एकेक बोट उघडत गेली, "आठ, नऊ, दहा, अकरा, बारा."

पूर्वा बघतच राहिली. पोरगी एकापासून सुरू झाली नव्हती. गेल्या महिन्यापर्यंत ती सातसुद्धा बोटांवर मोजायची. एवढ्या पहाऱ्यात, कुणाचीही मदत न घेता, ती एक पायरी वर गेली होती.

"बोटं!" सुखदेवराव गरजले.

"बोटं!" प्रज्ञेश गरजला.

"बत्तीस," आम्रपाली म्हणाली. ते कुणी ऐकलं नाही. हात पुन्हा मांडीकडे निघाला, तो पूर्वाने मनगटापाशी धरला आणि टेबलावर ठेवला.

मग ती स्वयंपाकघरात गेली. दोन ताटांत भाकरी, वांग्याचं भरीत, वाटीत आमटी वाढून तिने ती बापलेकांपुढे आणून आदळली.

"घ्या. आणि बोटं लावायची नाहीत. ब्रेन वापरा."

दोघे आमटीकडे बघत बसले. आम्रपाली दोन्ही हात धुऊन आली आणि आजोबांच्या ताटातली भाकरी मोडायला लागली.