तिसरा बॉल

तळहातावरचा बॉल इतका हलका, की नसल्यासारखाच, आणि त्यावरचा शिक्काही आता पुसट झालेला... सिताराने बोटं ताणून हात सपाट केला. पाचवा गेम, एकवीस-एकवीस. जिल्ह्याच्या टेबल टेनिस संघात मुलींची एकच जागा उरली होती आणि टेबलापलीकडे कर्वेनगरची प्रेमला वाकून उभी होती.

मघाच्या सर्व्हिसवरचा पॉइंट सिताराने आपल्या हाताने घालवला होता. सर्व्हिस तर अशी पडली होती — आखूड, खालून कापलेली — आणि ही तिथेच उभी, लागू पडते का ते बघत! प्रेमलाने बॉल नुसता ढकलला, तरी हिची रॅकेट पोटाशीच. चौथ्या गेमनंतर तिचे कोच श्रीधर सर म्हणाले होते, "सर्व्हिस सुरेख. फोटो काढून झाला असेल, तर आता खेळायला या."

वर्षभर ते हेच सांगत आले होते. पहिला बॉल तुझा, दुसरा तिचा, आणि तिसरा मारता यावा म्हणूनच पहिला टाकायचा. कळतं सगळं. मग मी बघत का राहते?... डावीकडे सरकून फोरहँड मारायचा म्हणजे उजवी बाजू उघडी टाकायची, आणि तिने नेमका तिथेच दिला तर? हॉलभर शोभा. त्यापेक्षा थांबावं. ही सवय दुकानातली, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. मंडईजवळच्या अब्बांच्या बांगड्यांच्या दुकानात ती लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसायची — "ताई, हात सैल सोडा" — आणि हात सैल पडेपर्यंत थांबायचं, घाई केली की काच फुटते, रक्त येतं...

अब्बा आज आले होते. ऐन संक्रांतीच्या तोंडावर दुकान बंद ठेवून! खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. लोकांच्या टाळ्या थांबल्या की यांच्या सुरू व्हायच्या. या गेमच्या आधी एवढंच म्हणाले, "पानी पी ले, बेटा." आताही ते बाकावर बसले होते आणि मांडीवरची त्यांची बोटं काही स्वस्थ नव्हती — आणि एकदम तिच्या लक्षात आलं, अब्बा कुठे थांबायचे? एक बांगडी मनगटात उतरते न उतरते तोच दुसरी त्यांच्या बोटांत धरलेली असायची. हात दाबतानाच त्यांना कळायचं, तो कुठे अडेल, कसा वळेल. थांबलेत असं गिऱ्हाइकाला वाटायचं. आणि मलाही. इतकी वर्षं शेजारी बसून मी नुसत्या बांगड्याच बघत होते!

तिने बॉल उडवला, कापला. तो पलीकडे कसा पडला हे बघायला ती थांबलीच नाही. पाय डावीकडे निघालेसुद्धा. उजवीकडचं अर्धं टेबल उघडं. भीती होतीच, पण पाय तिला विचारत नव्हते... प्रेमलाची रॅकेट पुढे येत होती. इकडे दे नाहीतर तिकडे दे, सितारा मनात म्हणाली, मी निघालेय. आणि बॉल पलीकडून सुटायच्या आधीच तिला हसू फुटलं.