मोठ्या पातेल्यातला भात

मित्रांनो, मी एक जुनं पितळी पातेलं आहे. अंगाने जाडजूड, दोन्ही बाजूंना कड्या, आणि पोटात अख्ख्या पंगतीचा भात मावेल एवढी जागा. माझा जन्म कुंभकोणमचा. तिथल्या कारागिराने हातोड्याने ठोकून ठोकून मला आकार दिला. त्या ठोक्यांच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत आणि मला त्यांचा भारी अभिमान आहे.

तुळजाबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी मला दिलं आणि आम्ही एकाच गाडीने तंजावरहून मद्रासला आलो. तिरुवल्लिकेणीतलं घर, नवरा सेतुमाधवराव सरकारी कचेरीत कारकून. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली ही मराठी माणसं. घरात बोलायची मराठीच, पण आपल्या वळणाची. बघता बघता घर मुलाबाळांनी भरलं आणि मला उसंत मिळेनाशी झाली.

त्या घरची एक रीत होती. संध्याकाळी मुलं मागच्या अंगणात गोल करून बसायची. ताटं नाहीत, पानं नाहीत. तुळजाबाई माझ्यात भात आणि चिंचेचं आंबट वरण कालवायच्या आणि एकेकाच्या तळहातावर एकेक गोळा ठेवायच्या. मुलाने अंगठ्याने गोळ्यात खळगा करायचा, आईने त्यात वरणाची धार सोडायची. कनका नावाची त्यांची मुलगी खळगा इतका खोल करायची की वरण थेट कोपरापर्यंत ओघळायचं. रोज बोलणी खायची आणि रोज तेच करायची. मी मधोमध बसलेला असायचो. चारी बाजूंनी पसरलेले ते हात बघून मला रोज नव्याने नवल वाटायचं. एवढ्या भुका, आणि त्या सगळ्या माझ्या पोटातून भागतात!

मग मुलं मोठी झाली. कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न झालं. एक दिवस तुळजाबाईंनी मला पुसून माळ्यावर ठेवलं आणि चुलीवर माझ्या जागी ॲल्युमिनियमचं एक टीचभर भांडं आलं. दोघांपुरता भात, तोही उरायचा. खरं सांगतो, त्या भांड्याचा मला फार राग यायचा. पण घर इतकं गप्प झालं होतं की रागवायलाही जीव होईना.

पुढे भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहिला. कनकाचा नवरा तिथे कामाला होता. साठ सालानंतर कधीतरी कनकाच्या छातीत दुखणं शिरलं आणि तिला मद्रासजवळ तांबरमच्या क्षयाच्या इस्पितळात आणून ठेवावं लागलं. तिची चार मुलं एका सकाळी घोडागाडीतून आजीच्या दारात उतरली. माळ्यावरून मला दारातलं काही दिसलं नाही, ऐकू मात्र सगळं आलं. जिन्यावर पावलं, विहिरीवर बादली, कुणीतरी कुणाला तरी ढकललं, कुणीतरी रडलं. गप्प पडलेलं घर एका सकाळीत असं बोलू लागतं, हे मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. माझ्या अंगावरची धूळसुद्धा थरथरली असेल.

पण सगळ्यांत धाकटी वसंता बोलत नव्हती. जेवतही नव्हती. ताट पुढे आलं की तोंड फिरवायची. दुधाचे दोन घोट, बस्स. आजीने दोसे करून पाहिले, गूळ घालून पाहिला. पोर दिवसेंदिवस सुकत चालली.

तिचा मामा गुरुमूर्ती, तुळजाबाईंचा मुलगा, वेल्लोरहून बघायला आला. माणूस वाईट नव्हता, काळजीनेच बोलला. "आई, तुझं वय झालं. तुज्यानं चौघांचं होणार नाही. मी आइतवारी परत येतो. तोवर ही जेवली नाही तर मुलींना माझ्याकडं नेतो, मुलग्यांना हॉस्टेलात ठेवू."

मामा गेल्यावर तुळजाबाई खांबाला धरून बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आईपासून तुटलीत पोरं. आता एकमेकांपासून तोडू म्हणतो हा." मग त्यांची नजर वर गेली. "ते मोठं पातेलं काढा वो."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते शब्दांत सांगता यायचं नाही! नातवंडांतल्या थोरल्या राणोजीने मला खाली उतरवलं. तोवर तुळजाबाई देवळात गेल्या होत्या. त्या यायच्या आत मला लख्ख करून ठेवायचं, असा बेत सेतुमाधवरावांनी केला. जन्मात कधी भांडं न घासलेला हा माणूस साहेबाच्या थाटात खुर्ची टाकून बसला आणि हुकूम सोडू लागला. चिंच आली, विटेची भुकटी आली, नारळाच्या शेंड्या आल्या. चौघं नातवंडं माझ्यावर तुटून पडली. वसंतासुद्धा! ती तर माझ्या पोटात अर्धी उतरून घासत होती. बाहेरून घासलं, आतून घासलं, मी सोन्यासारखा पिवळाधमक झालो. आजोबा मिशीतल्या मिशीत हसत होते.

तुळजाबाई आल्या. त्यांनी माझ्यात अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय केलंत वो हे! आतलं कथील अस्कंच्या अस्कं घासून काढलंत. आता ह्यात आंबट घातलं तर कळकून जाईल की. पोरांना विषच व्हायचं!"

आतली जुनी कल्हई, म्हणजे कथलाचा लेप, आधीच विरली होती. उरलीसुरली आजोबांच्या हौसेने गेली. आजोबांची मान खाली गेली. वसंता मात्र माझी कडी धरून उभी राहिली आणि सोडीना.

कल्हईवाला काही लवकर फिरकला नाही. रोज आजी दाराशी कान देऊन असायची. शेवटी आइतवार उजाडला, आणि सकाळीच रस्त्यातून कल्हईवाल्याची तमिळ हाक आली, "ईयम् पूसरदूऽऽ!" तुळजाबाई पदर सावरायचं विसरून अनवाणी धावल्या.

त्याने झाडाखाली खड्डा खणला, कोळसे पेटवले, भाता चालवला. मी तापत गेलो. आतून नवसागराचा पांढरा धूर उठला, मुलं खोकत मागे सरली. मग कथलाची कांडी माझ्या तळाला टेकली, कापसाचा बोळा फिरला, आणि माझ्या पिवळ्या पोटात एक पांढरी चमक पसरत पसरत काठापर्यंत आली. इतक्या वेळा कल्हई झाली, तरी दर वेळी मी थक्क होतो. आपलं जुनं अंग असं क्षणात नवं होतं!

मी निवल्यावर वसंता वाकून आत बघू लागली. तळाशी तिचा धूसर चेहरा उमटला होता.

"आजी, आत मी आहे!"

इतक्या दिवसांनी ती बोलली होती. आजोबांनी डोळ्यांवर उपरणं धरलं.

"तुजी आईबी ह्यातच होती गे," आजी म्हणाली. "ह्यातलंच खाऊन वाढली ती."

संध्याकाळी मी पुन्हा अंगणाच्या मधोमध बसलो. वाफाळता भात, त्यावर वरण, वर तूप. चार हात पुढे आले, त्यांतली एक मूठ मिटलेली. तीन हातांवर गोळे पडले. वसंता माझ्याकडे बघत राहिली. आजीने चौथा गोळा तसाच पुढे धरून ठेवला. मग हळूच वसंताने तळहात उघडला. अंगठा खुपसला, चांगला खोल. वरण ओघळलं, थेट कोपरापर्यंत. तिने ते चाटलं, गोळा खाल्ला आणि हात परत पुढे केला.

तुळजाबाई तिला रागावल्या नाहीत. त्यांनी दुसरा गोळा तिच्या तळहातावर ठेवला.

दारात गुरुमूर्ती उभा होता, हातात मुलींसाठी आणलेली रिकामी ट्रंक. किती वेळ उभा होता कोण जाणे. आजीने मान वर न करता म्हटलं, "हात धुऊन ये."

त्याने ट्रंक भिंतीशी ठेवली. हात धुतले आणि मुलांच्या गोलात, राणोजीच्या शेजारी मांडी घालून तळहात पुढे केला. केस पिकू लागलेला तो माणूस आणि लहानपणचा तोच हात. मला दोन्ही एकदम दिसले.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखं कुणी असेल. त्याला खाली उतरवा. नुसतं बाहेरून चमकवू नका, आतून अंगठा फिरवून बघा. कल्हई उडाली असेल तर वेळेवर करून घ्या. मग त्याच्याभोवती गोल करून बसा आणि हात पुढे करा. आमच्यात सगळ्यांना पुरेल एवढं असतं.